‘ईआर’ मालिकेतले आजार : खरे किती, दिखाऊ किती?

दवाखान्यातल्या मालिका बायामाणसे आवडीने पाहतात. त्यातून आरोग्याचे ज्ञान मिळते काय? मिळते, पण धान्य पाखडून घ्यावे तसे ते पाखडून घ्यावे लागते.

अमेरिकेतली ‘ईआर’ ही मालिका १९९४ ते २००९ अशी पंधरा वर्षे चालली. शिकागो शहरातल्या एका काल्पनिक सरकारी इस्पितळाचा तातडीचा विभाग तिच्यात दाखवला होता. तिचे जनक मायकेल क्रायटन हे स्वतः डॉक्टरकी शिकलेले. त्यामुळे तिच्यातले आजार बहुतेक खरे होते. तीन उदाहरणे पाहू.

गरोदरपणातला रक्तदाब

१९९५ सालच्या एका भागात एक गरोदर बाई लघवीची तक्रार घेऊन येते. डॉक्टर मूत्राशयाचा संसर्ग समजून औषध देतात आणि घरी पाठवतात. थोड्याच वेळात तिला झटके येतात. पोट चिरून बाळ वाचवतात, पण आई दगावते. हा भाग तातडीच्या विभागात काम केलेल्या एका डॉक्टरनेच लिहिला होता.

हा आजार अगदी खरा आहे. पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जातो आणि बहुधा लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, तोंडावर व हातांवर अचानक सूज ही त्याची लक्षणे. पण पुष्कळदा काहीच त्रास जाणवत नाही. म्हणून प्रत्येक तपासणीत रक्तदाब आणि लघवी पाहिलीच पाहिजे. पाहिली नाही, तर आपण विचारावे. त्यात लाज कसली?

झटके आले की ‘अंगात आले’, ‘बाहेरची बाधा झाली’ म्हणून भगताकडे धावणे म्हणजे आई आणि बाळ दोघांचाही जीव धोक्यात घालणे. झटके थांबवणारे मॅग्नेशियम सल्फेट हे इंजेक्शन महाग नाही. पण ते वेळेवर मिळाले पाहिजे. बाळंतपणानंतरही काही दिवस हा धोका राहतो, हे सासू-नणंदांनी ध्यानात ठेवावे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी करण्याची योजना आहे. तिचा लाभ घ्यावा.

बंद पडलेले हृदय

इथे मात्र मालिका फसवतात. १९९६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ‘ईआर’ आणि आणखी दोन कार्यक्रमांचे ९७ भाग तपासले. छाती दाबून हृदय चालू करण्याचे ६० प्रसंग त्यांत होते. पडद्यावरचे ७५ टक्के रोगी तेवढ्यापुरते वाचले आणि ६७ टक्के बरे होऊन घरी गेलेले दिसले. प्रत्यक्षात इस्पितळात हृदय बंद पडलेल्यांपैकी फार काळ जगणारे त्या वेळी शंभरात पंधराच्या वर नव्हते. पडद्यावर सरळ रेघ दिसली की विजेचा झटका देतात. खरे पाहता सरळ रेघेवर झटक्याचा उपयोग होत नाही.

मग छाती दाबूच नये काय? जरूर दाबावी. माणूस बेशुद्ध पडला आणि नीट श्वास घेत नसला, तर १०८ ला फोन लावावा. छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहावे. मदत येईपर्यंत थांबू नये. मात्र एवढे करूनही माणूस गेला, तर ‘डॉक्टरांनीच मारला’ म्हणून इस्पितळाची तोडफोड करणे चूक आहे.

एचआयव्हीची लागण

‘ईआर’मधली जिनी बुले ही इस्पितळातली कर्मचारी. तिला नवऱ्याकडून एचआयव्हीची लागण होते. तरीही ती खबरदारी घेऊन काम करत राहते. हे चित्रण खरे होते. आपल्या देशात २००४ पासून सरकारी केंद्रांत यावरची औषधे मोफत मिळतात. रोज नियमाने घेतली तर माणूस दीर्घकाळ जगतो. लागण झाली म्हणून नोकरीवरून काढायला २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. एका ताटात जेवल्याने हा रोग होत नाही. मग सुनेची ताटवाटी वेगळी करण्याला माणुसकी म्हणायचे काय?

मालिका खुशाल पाहा. तिच्यातली लक्षणे ध्यानात ठेवा, चमत्कार मात्र तिथेच सोडून द्या. पडद्यावरचा रोगी पाऊण तासात बरा होतो. आपल्या माणसाला वेळेवरची तपासणीच वाचवते.