अपघात, विमा आणि कामगाराचा वकील

कामावर असताना अपंगत्व आलेला कामगार, अथवा मृत कामगाराची विधवा पत्नी, न्यायासाठी दाद मागू लागते तेव्हा तिच्या प्रकरणास दोन अंगे असतात. मालक व कामगार यांच्यातील संबंध हे एक, आणि मालकाने उतरविलेला विमा हे दुसरे. ही दोन्ही अंगे जाणणारा विधिज्ञ हा वकिली व्यवसायातील एक विशेष वर्ग होय. फौजदारी खटल्यांचे वलय त्याच्या वाट्यास येत नाही. हजेरीपट, पगारपत्रके, पंचनामे आणि वैद्यकीय दाखले यांतच त्याचा दिवस सरतो.

या व्यवसायातील एक वेगळेपण आरंभीच ध्यानात घेणे इष्ट ठरेल. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगार न्यायालयात वकिलाच्या उपस्थितीवर निर्बंध घातला होता. प्रतिपक्षाची संमती व न्यायालयाची अनुमती यांवाचून त्यास तेथे उभे राहता येत नसे. कामगार संघटनेच्या पदाधिकाऱ्यापुढे मालकाने नामांकित कायदेपंडित उभा करू नये, हा त्यामागील हेतू होता. नुकसानभरपाईच्या दाव्यात मात्र असा अडसर नव्हता, आणि म्हणूनच अनेक तरुण वकिलांची या क्षेत्रातील उमेदवारी तेथून सुरू झाली.

नुकसानभरपाईचा मूळ कायदा १९२३ चा. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्यावर तो तीत समाविष्ट झाला. त्याची मुख्य चौकट मात्र बहुतांशी कायम राहिली आहे. कामगारास राज्य विमा योजनेचे संरक्षण आहे काय, हा वकिलाचा पहिला प्रश्न असतो. असल्यास लाभ त्या योजनेतून मिळतात व मालकाविरुद्ध वेगळी भरपाई मागता येत नाही. नसल्यास दाव्याचा मार्ग मोकळा होतो. कंत्राटदाराकडील मजुराच्या बाबतीत मूळ मालकासही जबाबदार धरता येते. मुकादम वा ठेकेदार परागंदा झाला म्हणून हक्क बुडत नाही.

वकिलाच्या कौशल्याचा कस कोठे लागतो, हे ओरिसातील जयपूर (कोरापुट) येथील एका प्रकरणावरून स्पष्ट होईल. १९६८ साली एका चित्रपटगृहात सजावटीचे काम करीत असता एक सुतार खाली पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. अनुसूचीप्रमाणे हे केवळ अंशतः अपंगत्व ठरते, असा मालकाचा युक्तिवाद होता. आयुक्तांनी तो फेटाळला आणि १९७५ साली सर्वोच्च न्यायालयानेही आयुक्तांचा निर्णय उचलून धरला. सुतारकाम एका हाताने होत नाही, तेव्हा सुतारापुरते ते अपंगत्व संपूर्णच होय. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय ठरते, निकालाच्या दिवसापासून नव्हे, हेही त्याच निवाड्यात स्पष्ट झाले. भरपाईचे ९,८०० रुपये आणि त्यावर ४,९०० रुपये दंड मालकास भरावा लागला. तक्त्यातील टक्केवारीपेक्षा माणसाचा धंदा कोणता होता हे पाहावे, हा धडा या निवाड्याने घालून दिला.

विमा कंपनीच्या बाजूने उभा राहणारा वकील पॉलिसीतील अटी काटेकोरपणे तपासतो. संरक्षण किती कामगारांना होते, हप्ता कधी भरला, चालकाचा परवाना वैध होता काय, हे प्रश्न तो विचारणारच, आणि ते गैरही नाहीत. भरपाई व व्याज विमा कंपनीने द्यावे, विलंबाचा दंड मात्र मालकाच्याच माथी राहावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये वाहनविम्याच्या प्रकरणात दिला. काही वर्षे विमा कंपनीचे काम केलेला वकील पुढे कामगाराच्या बाजूने उभा राहिला, तर हाच अनुभव त्याच्या उपयोगी पडतो.

खेड्यात मात्र बहुधा प्रकरण वकिलापर्यंत पोहोचतच नाही. दहा-वीस हजार रुपये हाती ठेवून कोऱ्या कागदावर अंगठा घेतला जातो. वस्तुतः मृत्यूच्या प्रकरणात भरपाई परस्पर देता येत नाही. ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. हक्क सोडून देण्याचा करारही कायद्याने निरर्थक ठरतो. दावा दोन वर्षांच्या आत दाखल व्हावा लागतो. १९९५ च्या दुरुस्तीने तो राहत्या जिल्ह्यातही दाखल करण्याची सोय झाली, त्यामुळे परजिल्ह्यात ऊसतोडीस गेलेल्या मजुराच्या कुटुंबास तेथवर हेलपाटे घालण्याचे कारण उरले नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये औद्योगिक कामगार, स्त्रिया तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती मोफत वकिलास पात्र आहेत. त्यासाठीचा अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करता येतो.