जोड न बसलेला ओठ

भिलाईच्या पोलाद कारखान्यात १३० मीटरचे दोन रूळ जोडून २६० मीटरचं पॅनेल तयार होतं. टोकाला टोक नुसतं टेकवून भागत नाही. ती वितळेपर्यंत तापवून एकमेकांत दाबावी लागतात. माणसाचा चेहराही जोडकामच आहे. गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यात तोंडाच्या खळग्याभोवती पाच उंचवटे दिसू लागतात: वर कपाळाचा एक, बाजूंना वरच्या जबड्याचे दोन, खाली खालच्या जबड्याचे दोन. डोळे अजून माशासारखे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. नाकपुड्यांच्या आतल्या कडा मध्ये सरकून एकमेकींना मिळतात, गालांकडून वरच्या जबड्याचे उंचवटे येऊन त्यांना भिडतात. भिडल्या जागी दोन्हीकडची पातळ आवरणं विरून जातात, तेव्हाच आतला भाग एकजीव होतो. सातव्या आठवड्याच्या सुमारास वरचा ओठ असा पुरा होतो. टाळूचं काम त्यानंतरही काही आठवडे चालतं.

म्हणून मला ‘फाटलेला ओठ’ हा शब्दच चुकीचा वाटतो. तो फाटलेला नसतो, जुळायचा राहिलेला असतो. सुरीची चीर कुठेही गेली असती. ही फट बहुधा मधोमध नसते, नाकपुडीखाली, नेमकी जोडाच्या रेषेवर असते. तरीही आईला विचारलं जातं, ‘ग्रहणात काही चिरलंस का?’ कुणी म्हणेल, ग्रहण नेमकं त्याच आठवड्यांत आलं असेल. पण २२ जुलै २००९ चं सूर्यग्रहण सगळ्या देशावरून गेलं. ग्रहणानं ओठ दुभंगत असते, तर त्या आठवड्यांतल्या गर्भांमध्ये दुभंगलेल्या ओठांची लाट दिसायला हवी होती. प्रत्यक्षात ओठ किंवा टाळू दुभंगलेलं मूल साधारण सातशे जन्मांमागे एक, ग्रहण असो-नसो. मग दोष घराण्याचा? काही अंशी, पण आईवडील दोघांचे ओठ नीट असलेल्या घरांतही असं मूल जन्मतं. धूम्रपान, अपस्माराची काही औषधं यांचाही वाटा असतो. (औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.)

‘ग्रहण पाळलं तर बिघडतं काय?’ हा आक्षेप वरवर बिनतोड आहे. बिघडतं ते हे, की पाळी चुकल्यावर महिना-सव्वा महिन्यात, कित्येकदा घरात बातमी कळायच्या आत, आटोपलेल्या कामाचा ठपका आई जन्मभर वाहते. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात होते. तोवर तिला ग्रहणाचं विचारू नका. बाळाला दूध ओढता येतं का, ते विचारा.