दिले कोणी, किती आणि कशासाठी

गोसीखुर्द हे पवनी तालुक्यातले गाव. वैनगंगेवरच्या 33 दरवाजांच्या धरणामुळे त्याचे नाव महाराष्ट्रभर झाले. तालुक्याच्या ठिकाणी, पवनीला, त्याहून कितीतरी जुने एक बांधकाम आहे. जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी त्याचा अहवाल लिहिला. टेकडीखाली दोन हजार वर्षांहून जुना विटांचा मोठा स्तूप निघाला. त्याच्या भोवतीच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी अक्षरांत छोटे छोटे लेख आहेत, आणि त्यांतले बरेचसे दान देणाऱ्यांचे आहेत. हा खांब अमक्याचे दान. काम तेवढ्यावर भागलेले आहे.

आज या परिसरातल्या कुठल्याही हौशी मंडळापुढे देणाऱ्याची नोंद कशी करायची हा प्रश्न असतो. दिवाळी सरली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटक चालते. गावातले नाट्य मंडळ वडसा-देसाईगंजच्या एखाद्या कंपनीला बोलावते, मंडप घालते, तिकिटे विकते. कुणी कबड्डीचे सामने भरवते, कुणी भजन स्पर्धा, तर कुणी हिवाळ्यात धरणाच्या फुगवट्यावर पक्षी मोजायला जाते. यातले एकही काम नुसत्या सभासद वर्गणीवर निघत नाही. किराणा दुकानदार जेवणाचा शिधा देतो, ट्रॅक्टरवाला खुर्च्या आणून टाकतो, कृषी केंद्राचा मालक पहिले बक्षीस लावतो. या सगळ्यांचे आभार मानायचेच असतात. प्रश्न असतो कसे मानायचे हा.

सध्याची रीत अशी, की चौकात एक भलामोठा बॅनर लागतो. त्यावर हात जोडलेले पंधरा-वीस चेहरे, प्रत्येकाच्या नावामागे विशेषणे, आणि कुठल्यातरी कोपऱ्यात कार्यक्रमाचे नाव. कोणी काय दिले ते मात्र त्यावरून कळत नाही. ज्याने बॅनर छापून दिला त्याचा फोटो सर्वांत मोठा, आणि ज्याच्या शेतात मंडप पडला त्याचे नावच नाही, असेही घडते. आभाराचा मजकूर वाचून देणाऱ्याचा वाटा समजला नाही, तर ते आभार अपुरेच राहिले.

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातली दहाव्या क्रमांकाची लेणी या बाबतीत वाचण्यासारखी आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तिथे आपल्या देणगीचा हिशेबच भिंतीवर कोरून ठेवला. तीन हजार कार्षापणांची कायम ठेव. त्यातले दोन हजार गोवर्धन गावच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज खर्चायचे. दोन हजारांच्या व्याजातून पावसाळ्यात वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस आणि वर्षाला दोनशे चाळीस. वीस जणांना बारा-बारा म्हणजेही दोनशे चाळीस. हिशेब चोख जुळतो. वर हेही नोंदवले आहे, की हे सारे निगमसभेत ऐकवले गेले आणि दप्तरात लिहिले गेले. दाता राजघराण्यातला होता, त्याच्या थोरवीचे वर्णनही तिथे आहेच. पण रक्कम, दर आणि विनियोग यांना त्याने फाटा दिला नाही.

देणारे सगळे राजघराण्यातले नव्हते. कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीचा भूतपाल शेठ आहे, तसा धेनुकाकटचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त आहे. त्याने एक दार दिले आणि तेवढेच लिहून घेतले. नाशिकच्या अठराव्या लेणीच्या दर्शनी भागावर तर एका गावाचे, धंभिक गावाचे, दान नोंदलेले आहे. नाव, गाव, धंदा आणि दिलेली वस्तू, एवढ्या चार गोष्टी आजच्या कोणत्याही मंडळाच्या यादीत, स्मरणिकेत किंवा फलकावर बसू शकतात. ‘अमुक किराणा भांडार, पवनी : 120 माणसांच्या जेवणाचा शिधा, मंडई 2025’ या एका ओळीत दुकानदाराचा मान राहतो आणि पुढच्या वर्षी नव्या कार्यकर्त्यांना अंदाजही मिळतो.

खेड्यातल्या शाळेत छताला टांगलेला पंखा बंद असताना वर पाहावे. तीन पात्यांवर तेलरंगात लिहिलेले असते : पहिल्यावर ‘कै.’ लावून नाव, दुसऱ्यावर ‘यांच्या स्मरणार्थ’, तिसऱ्यावर ‘सप्रेम भेट’. वस्तूवरच दात्याचे नाव टाकण्याची ही आपल्याकडची घरगुती पद्धत, आणि ती कायद्यालाही मान्य आहे. वस्तू आणि सेवा कर लागू झाल्यावर असा प्रश्न आला होता, की देणगीदाराचे नाव लावणे ही जाहिरात समजायची का. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने 11 ऑक्टोबर 2019 च्या परिपत्रकात (क्रमांक 116/35/2019) त्याचे उत्तर दिले. धर्मादाय संस्थेला दिलेली रक्कम खरोखर देणगीच्या स्वरूपाची असेल, हेतू परोपकाराचा असेल आणि नाव केवळ कृतज्ञतेपोटी लावले असेल, दात्याच्या धंद्याची जाहिरात त्यात नसेल, तर त्यावर कर नाही. उदाहरणेही साधी दिली आहेत : योगसंस्थेला भेट दिलेल्या डिजिटल फळ्याखाली छापलेल्या दात्याच्या शुभेच्छा, आणि वडिलांच्या स्मरणार्थ मंदिराची खोली बांधून देणाऱ्या बाईंचे दारावरचे नाव.

मंडळांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवे ते इथेच. दुकानदाराने पाच हजार दिले आणि मंडळाने त्याचे नाव लिहिले, ही देणगी. त्याच दुकानदाराने पाच हजारांच्या बदल्यात दुकानाचे बोधचिन्ह, मोबाइल क्रमांक, ‘सर्व प्रकारची बियाणे व खते योग्य दरात मिळतील’ ही ओळ आणि मध्यंतरात तीनदा पुकारा ठरवून घेतला, तर तो व्यवहार झाला. असा व्यवहार करण्यात गैर काहीच नाही. नाटकाच्या पत्रिका अशाच जाहिरातींवर छापल्या जातात. पण दोन्ही एकाच यादीत मिसळू नयेत. देणगीदार एका पानावर, जाहिरातदार दुसऱ्या पानावर, आणि जमाखर्चात दोघांचा रकाना वेगळा. मंडळाचे संकेतस्थळ असेल तर तिथेही हीच विभागणी ठेवावी आणि प्रत्येक नावासमोर वर्ष लिहावे, म्हणजे चार वर्षांपूर्वी एकदा मदत केलेला माणूस आजचा आश्रयदाता वाटणार नाही.

आमदार किंवा खासदार निधीतून आलेल्या वस्तूंचा रकाना तिसरा. बसथांब्यावरच्या सिमेंटच्या बाकड्यावर लोकप्रतिनिधीचे नाव मोठ्या अक्षरांत असते, पण पैसा जनतेचा असतो. योजनेचे नाव आणि रक्कम लिहिणे योग्यच. ते लोकांना कळायला हवे. मात्र ती नोंद ‘देणगीदार’ या मथळ्याखाली टाकणे म्हणजे स्वतःच्या खिशातून शंभर रुपये देणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्यावर अन्याय आहे.

कोणाचे नाव लावायचेच नाही, हेही आधी ठरवून ठेवावे. भंडारा-गोंदिया पट्ट्यात तेंदूपत्ता आणि विडीचा धंदा जुना आहे, त्यामुळे हा विचार इथे दूरचा नाही. तंबाखूजन्य पदार्थांच्या प्रचारासाठी प्रायोजकत्वाचा करार 2003 च्या केंद्रीय कायद्याने मना केलेला आहे. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. अयोग्य नावाचा फटका मोठ्यांनाही बसतो. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरचे ‘ड्रीम 11’ हे नाव गेले; आशिया चषकात संघ छातीवर प्रायोजकाच्या नावाविना खेळला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने डिसेंबर 2021 मध्ये सॅकलर कुटुंबाचे नाव आपल्या दालनांवरून उतरवले, कारण त्यांच्या कंपनीच्या वेदनाशामक गोळ्यांनी अमेरिकेत व्यसनाची साथ पसरवल्याचा ठपका होता. गावच्या मंडळाने ठराव करताना ‘कायद्याने किंवा सभासदांच्या मताने अयोग्य ठरल्यास नाव काढण्यात येईल’ एवढे एक वाक्य लिहून ठेवले तर पुढचा वाद टळतो.

पैसा न देणाऱ्यांचे ऋण तर सहज विसरले जाते. महाराष्ट्रात सारस पक्षी उरला आहे तो मुख्यतः गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत. गोंदियाची ‘सेवा’ ही संस्था वन विभागासोबत दरवर्षी त्याची गणना करते, आणि त्या कामात ज्यांच्या धानाच्या बांधीत घरटे असते त्या शेतकऱ्यांचा, सारसमित्रांचा, हात मोठा असतो. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने तलावांचे जे काम केले, ते ढिवर समाजाला पाण्यातल्या वनस्पतींची आणि माशांची जी पारख आहे तिच्या आधाराने. पक्षी मोजायला जाणाऱ्या गोसीखुर्दच्या एखाद्या गटाला डोंगा चालवणारा माणूस कुठल्या कोपऱ्यात कोणती बदके उतरतात ते सांगतो. दुर्बीण देणाऱ्याच्या नावाखाली, त्याच आकाराच्या अक्षरांत, या डोंगेवाल्याचेही नाव यायला हवे.

काहींना मात्र नाव नको असते. गुप्तदानाची आपली परंपरा मोठी आहे आणि तिचा मान राखायलाच हवा, फक्त कागदावर गुप्तता चालत नाही. देणाऱ्याचा नाव-पत्ता नोंदीत नसलेल्या देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या, तर धर्मादाय संस्थेला त्यांवर 30 टक्के कर पडतो. नोंदणी नसलेल्या मंडळाने धर्मादाय कामासाठी वर्गणी मागायची, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते आणि हिशेब द्यावा लागतो. दात्याला आयकरात सवलत (80-जी) मिळवून देणाऱ्या संस्थेलाही दात्याची पूर्ण माहिती कळवावी लागते. रोखीने दिलेल्या देणगीवर ती सवलत 2,000 रुपयांपर्यंतच मिळते. तेव्हा पावतीवर पूर्ण नाव आणि पत्ता, जाहीर यादीत ‘एक हितचिंतक’. पुढच्या वेळी पावतीपुस्तक छापायला टाकताना त्यात खाली एक ओळ वाढवून घेता येईल : ‘नाव जाहीर करावे का? हो / नाही’, आणि शेजारी देणाऱ्याच्या सहीपुरती जागा.