क्षयाची छाया आणि फुफ्फुसातील लिम्फोमा

छातीचा विकार म्हटला की आपल्याकडे प्रथम नाव निघते ते क्षयाचे, आणि ते स्वाभाविकही आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. तथापि क्ष-किरण चित्रातील प्रत्येक पांढुरका डाग क्षयाचाच असतो असे नाही. क्वचित त्यामागे लसिका पेशींचा कर्करोग, म्हणजेच लिम्फोमा, दडलेला असतो.

लसिका पेशी या रोगजंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी होत. त्यांचा कर्करोग बहुधा मान, काख वा जांघ येथील गाठींच्या रूपाने प्रकट होतो. लंडनच्या थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये वर्णन केले ते अशाच गाठींचे. फुफ्फुसातच उगम पावणारा लिम्फोमा मात्र विरळा. फुफ्फुसाच्या कर्करोगांत त्याचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी. त्यांतील बहुसंख्य 'माल्ट' प्रकारचे असतात. हा प्रकार इंग्लंडमधील आयझॅकसन व राइट या विकृतिशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये वेगळा ओळखला.

हा रोग अतिशय मंदगतीने वाढतो आणि निदानातील खरी अडचण तीच. अनेकांना काहीच त्रास नसतो. काहींना खोकला, थोडा दम, इतकेच. चित्रात डाग न्यूमोनियासारखा दिसतो. प्रतिजैविके दिली जातात. डाग हलत नाही. मग थुंकीत जंतू सापडलेले नसतानाही केवळ संशयावरून क्षयाची औषधे सुरू होतात आणि सहा महिने निघून जातात. याहून घातक गोष्ट म्हणजे निदानापूर्वी दिलेले स्टेरॉइड. त्याने लिम्फोमा तात्पुरता आकसतो, रुग्णाला बरे वाटते, आणि पुढे काढलेल्या तुकड्यात रोगाचा मागमूस लागेनासा होतो.

म्हणून औषधे घेऊनही डाग कायम राहिला, तर तुकडा काढून तपासणे अपरिहार्य ठरते. श्वासनलिकेत दुर्बीण घालून काढलेला तुकडा तांदळाच्या कणीएवढा असतो आणि पुष्कळदा अपुरा पडतो. अशा वेळी सीटी स्कॅनच्या साहाय्याने छातीतून सुई घालून, किंवा लहान शस्त्रक्रिया करून, मोठा तुकडा घ्यावा लागतो. 'तुकडा काढला की रोग पसरतो' ही समजूत गावोगावी आढळते. तिच्यापायी अनेक निदाने लांबतात.

विकृतिशास्त्रज्ञापुढील प्रश्न मोठा नाजूक असतो. साध्या दाहातही लसिका पेशींची गर्दी होतेच. मग कर्करोग ओळखावा कसा? विशिष्ट रंजकांनी प्रथम पेशींची जात ठरवितात. नंतर त्या एकाच मूळ पेशीची संतती आहेत काय, हे पाहतात. दाहात 'कॅप्पा' व 'लॅम्डा' अशा दोन्ही खुणांच्या पेशी मिसळलेल्या असतात. लिम्फोमात बहुधा एकाच खुणेच्या पेशींचे राज्य असते. काही रुग्णांत अकराव्या व अठराव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदलही आढळते.

निदान वेळेवर झाले तर निराश होण्याचे कारण नाही. माल्ट प्रकारात पाच वर्षांनंतर शेकडा ऐंशीहून अधिक रुग्ण हयात असतात. काहींना तर लगेच औषध न देता केवळ देखरेखीखाली ठेवतात. वेगाने वाढणाऱ्या प्रकारांत मात्र उपचारास विलंब चालत नाही.

रुग्णाच्या नातलगांनी काढलेला तुकडा कोठे व कशात पाठविला जातो याची चौकशी अवश्य करावी. कर्करोगाच्या तपासणीसाठी तो फॉर्मॅलिनमध्ये जावा लागतो, तर क्षयजंतूंच्या तपासणीचा भाग वेगळा, निर्जंतुक सलाइनमध्ये. एकाच बाटलीत सारे घातले की एक तपासणी हमखास बुडते. मोठ्या कर्करोग रुग्णालयात जाताना अहवालाचा कागद पुरत नाही. तुकडा मेणात बसवून केलेला ब्लॉक व काचपट्ट्या बरोबर न्याव्या लागतात, कारण तेथे त्यांचे पुन्हा परीक्षण होते. छातीची जुनी चित्रेही जपून ठेवावीत. आमच्याकडे ती दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात; वस्तुतः डाग तीन वर्षांपूर्वीही तेथेच होता, हे डॉक्टरांना दाखवून देणारा दुसरा पुरावा सहसा नसतो.