शिक्क्यांची वही आणि शंभर किल्ले

दोन दुर्गप्रेमी भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘किती किल्ले झाले?’ हा ‘झाले’ मला अनेक वर्षे खटकत आला आहे. किल्ला ‘झाला’ म्हणजे नेमके काय झाले? या प्रश्नाचा माग काढताना मी जपानमधल्या एका साध्या वहीपाशी येऊन पोहोचलो.

जपानच्या किल्ला संघटनेने २००६ साली देशातल्या शंभर नामांकित किल्ल्यांची यादी केली आणि २००७मध्ये शिक्के गोळा करण्याचा उपक्रम सुरू झाला. अधिकृत मार्गदर्शक पुस्तकासोबत एक वही मिळते. प्रत्येक किल्ल्याचा शिक्का वेगळा. तो ठरलेल्या जागी ठेवलेला असतो; आपणच वहीत उमटवायचा. शंभर पूर्ण झाले की वही संघटनेकडे पाठवायची. पूर्ततेचा शिक्का आणि आपण कितवे, तो क्रमांक घेऊन ती परत येते. बक्षीस एवढेच! जपानी माणसाला ही सवय जुनी आहे. देवळांतून यात्रेकरूंना लाल शिक्का मिळतोच. रेल्वे स्थानकावरच्या स्मरणशिक्क्यांची सुरुवातही १९३१ साली फुकुई येथे झाली.

या उपक्रमाची खरी मेख निवडीच्या नियमात आहे. ४७ प्रांतांपैकी प्रत्येकातून किमान एक आणि जास्तीत जास्त पाच किल्ले घ्यायचे, असे ठरले. हा नियम नसता, तर गर्दी हिमेजीसारख्या जागतिक वारशाच्या किल्ल्याकडेच वळली असती. जपानमध्ये मूळचे मुख्य मनोरे आज फक्त १२ किल्ल्यांवर उभे आहेत. १८७३च्या सरकारी आदेशानंतर कितीतरी किल्ले पाडले गेले. त्यामुळे यादीतल्या अनेक ठिकाणी दगडी तट, खंदक आणि मातीचे बांधच पाहायला मिळतात. पहिला क्रमांक होक्काइदोतल्या ऐनू लोकांच्या गढ्यांना आहे, तर शंभरावा र्‍युक्यू राज्याच्या शुरी किल्ल्याला. शुरीचा मुख्य महाल २०१९मध्ये जळाला, पण यादीतले त्याचे स्थान कायम राहिले. म्हणजे ‘किल्ला कशाला म्हणावे’ याचे उत्तरच या यादीने रुंद केले.

दुसरी बाब शिक्क्याच्या जागेची. उजाड अवशेषांवर कार्यालय नसते. तिथला शिक्का जवळच्या स्थानिक संग्रहालयात किंवा पर्यटन केंद्रात असतो. शिक्क्यासाठी आलेला माणूस त्या निमित्ताने एरवी टाळले असते अशा छोट्या संग्रहालयात शिरतो. अर्थात, याची उलट बाजूही आहे. शिक्का खालीच मिळाला, तर वर न चढताही वहीचे पान भरता येते. माणूस टेबलापर्यंत पोहोचला, एवढेच शिक्का सांगतो. त्याने काय पाहिले, ते सांगत नाही.

२०२५ साली मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत आले. ११ महाराष्ट्रातले आणि जिंजी तमिळनाडूतला. आनंदच आहे. पण उरलेल्या शेकडो गडांचे काय? आपल्याकडे अशी वही निघालीच, तर बक्षिसाआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतील : यादीत आडवाटेचे किती गड घ्यायचे आणि शिक्का कुठे ठेवायचा. माझ्या मते तो पायथ्याच्या गावात, गडाची माहिती सांगणाऱ्या माणसापाशी असावा. मग ‘किती झाले?’ याऐवजी ‘काय पाहिले?’ असे विचारण्याची सवय आपल्याला लागेल.