टीम घसरली, मॅस्कॉट नाही!

उमेदवार कोण कोण? एक किलर व्हेल, एक हरीण, एक घुबड, झालंच तर एक संत्रं. जपानच्या जे-लीगने २०१३ मध्ये सुरू केलेली ही मॅस्कॉट निवडणूक. फॅन्स मतं देतात आणि जिंकणाऱ्याला ग्रुप फोटोत मधली जागा मिळते. बस्स, एवढंच! पण त्यासाठी प्रचार असा, की आपले नगरसेवक लाजतील.

या वेडाचं मूळ १९९३ मध्ये आहे. जे-लीग सुरू होण्याआधी तिथे टीम म्हणजे टोयोटाची, मित्सुबिशीची. लीगने सांगितलं, कंपनीचं नाव काढा, गावाचं लावा. आता कालपर्यंत कंपनीची असलेली टीम गावाला एकदम आपली कशी वाटणार? मला वाटतं, ते काम या गुबगुबीत मंडळींनी केलं.

काशिमाचं बघा. तिथल्या प्राचीन देवळात हरणं पाळतात. म्हणून क्लबचं नाव अँटलर्स, म्हणजे शिंगं, आणि मॅस्कॉट 'शिकाओ' नावाचं हरीण. सापोरोचा 'डोले-कुन' हे होक्काइदोतलं दुर्मीळ घुबड. ('कुन' हे मुलाच्या नावापुढे लाडाने लावतात.) नागोयाच्या किल्ल्यावर सोन्याच्या 'शाचीं'ची जोडी आहे. शाची म्हणजे वाघाच्या तोंडाचा पुराणातला मासा आणि किलर व्हेलसुद्धा. तोच झाला 'ग्रॅम्पस-कुन'. त्याला बायको आहे, पोरं आहेत!

२०१६ मध्ये नागोयाची टीम पहिल्यांदाच खालच्या डिव्हिजनमध्ये घसरली. कोच बदलला, कित्येक खेळाडू गेले. ग्रॅम्पस-कुन कुठे जाणार? तो सहकुटुंब तिथेच. टीम २०१८ ला परत वर आली. तीन डिव्हिजनमध्ये मिळून साठ क्लब आहेत आणि त्यातल्या बहुतेकांच्या नशिबी मोठी ट्रॉफी कधीच नसते. तिथल्या पोरांना शनिवारी स्टेडियममध्ये ओढणारं दुसरं काहीतरी लागतंच.

आपल्याकडे २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्डकपला 'खेलिओ' होता. नवी मुंबईतही मॅचेस झाल्या. आठवतोय कुणाला? स्पर्धा संपली, तोही गेला. त्याला गावच नव्हतं ना.

माझा फेव्हरेट मात्र एहिमे एफसीचा. एहिमे म्हणजे संत्र्यांचा मुलूख, त्यामुळे क्लबचे अधिकृत मॅस्कॉट संत्र्याच्या जातकुळीतले. पण भाव खाऊन जातो 'इप्पेई-कुन' नावाचा एक बेडूक. आणि तो अधिकृत मॅस्कॉट नाहीच!