शहर चांगले, पण कोणासाठी?

ऑगस्ट 2018 मध्ये केंद्र सरकारने 111 शहरांची क्रमवारी जाहीर केली. जगणे कुठे किती सुकर आहे, हे तीत मोजले होते. पुणे पहिले आले, नवी मुंबई दुसरी, मुंबई तिसरी. क्रमांक वरचा म्हणजे तिथले जगणे सुखाचे, असे आपण सहज धरून चालतो. पण तो क्रमांक 78 निकषांवर आणि मुख्यतः शहरांनीच पुरवलेल्या माहितीवर ठरला होता. रहिवाशांना स्वतःला काय वाटते याला 30 टक्के वजन मिळाले ते 2020 च्या फेरीत. ‘इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट’ची राहण्यायोग्य शहरांची जगभर गाजणारी यादी कंपन्यांच्या उपयोगाची आहे: परदेशी नेमणुकीवर पाठवलेल्या नोकरदाराला गैरसोयीबद्दल किती जादा भत्ता द्यायचा, हे त्यांना तिच्यावरून ठरवता येते. घरभाडे आणि महागाई तीत मोजली जात नाही. त्या कामासाठी ती योग्यच आहे. पण शहराची पारख करायची तर मला वेगळी कसोटी खरी वाटते. ज्याच्याकडे स्वतःची गाडी नाही आणि ज्याची मिळकत बेताची आहे, त्याला काम, शाळा, दवाखाना, बाजार आणि बाग घरापासून किती वेळात, किती पैशांत आणि किती निर्धास्तपणे गाठता येते?

या कसोटीवर रुंद रस्ते आणि उड्डाणपूल यांच्यावरचा भरवसा टिकत नाही. रस्ता वाढवला की कोंडी सुटते, ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे. ड्युरांटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकी शहरांची आकडेवारी तपासून 2011 मध्ये दाखवले की महामार्गांच्या मार्गिकांची लांबी ज्या प्रमाणात वाढते, जवळजवळ त्याच प्रमाणात त्यांवरची वाहतूकही वाढते. कारण समजायला अवघड नाही. रस्ता मोकळा दिसला की बसने जाणारा गाडी काढतो, गर्दीची वेळ टाळणारा त्याच वेळी निघतो आणि लांबचे घर नको म्हणणारा ते विकत घेतो. पुण्याच्या विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल जेमतेम दीड दशक वापरून 2020 मध्ये पाडावे लागले, कारण मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी जागा हवी होती. 2018 मध्ये शहरातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या 36 लाखांवर गेली, म्हणजे वाहने माणसांपेक्षा जास्त झाली. ‘लोकांनाच गाडी हवी असते, त्याला महापालिका काय करणार?’ असा आक्षेप यावर घेतला जातो. त्या वाहनांत बहुसंख्य दुचाक्या आहेत, हे इथे लक्षात घ्यायला हवे. बस कधी येईल याची खात्री नसेल आणि थांब्यापर्यंत धड चालतही जाता येत नसेल, तर कर्ज काढून घेतलेल्या दुचाकीला आवड म्हणणे अन्यायाचे आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे पदपथावर चालण्यासाठी किमान 1.8 मीटर अडथळाविरहित जागा हवी. पुणे महापालिकेने 2016 मध्ये पादचारी धोरणही मंजूर केले. जंगली महाराज रस्त्यावर त्यानंतर प्रशस्त पदपथ झाले आणि लोक ते मनापासून वापरतात. पण असा पदपथ पुढच्या चौकापलीकडेही सलग हवा. मध्येच रोहित्र, जाहिरातीचा खांब किंवा उभ्या गाड्या आल्या की म्हाताऱ्या माणसाला रस्त्यावर उतरावेच लागते.

दुसरा गैरसमज दाटीचा. शहर बिघडले ते माणसे वाढली म्हणून, असे उठताबसता ऐकू येते. 2011 च्या जनगणनेत पुणे महापालिकेच्या सुमारे 250 चौरस किलोमीटरमध्ये 31 लाख लोक होते, म्हणजे चौरस किलोमीटरला साडेबारा हजार. पॅरिसमध्ये हाच आकडा वीस हजारांच्या आसपास आहे, तोही बहुतेक सहा-सात मजली इमारतींत. तिथे बेकरी, शाळा, मेट्रो पायी गाठता येतात ते या दाटीमुळेच, कारण विरळ वस्तीत बस आणि दुकान दोन्ही परवडत नाहीत. मुंबईचे दुखणे वेगळे आहे. त्याच जनगणनेत तिथली निम्म्याहून अधिक कुटुंबे एका खोलीत राहत होती. एका खोलीत किती माणसे आणि एका चौरस किलोमीटरमध्ये किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर परवडणारी घरे हे आहे, शहर पसरवत नेणे नव्हे. घर पंचवीस किलोमीटर लांब गेले की भाड्यात वाचलेले पैसे प्रवासात जातात आणि गेलेले तास तर परत मिळतच नाहीत.

‘असे शहर म्हणजे श्रीमंतांची चैन, आपल्याला कुठून परवडणार?’ हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला इतिहासातच उत्तर आहे. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना ही साम्राज्य गमावलेली, उपासमार आणि भयंकर महागाईने पिचलेली राजधानी होती. तिथल्या निवडून आलेल्या नगरपालिकेने 1923 मध्ये घरबांधणीसाठी कर बसवला. घर जितके आलिशान, तितका कराचा दर चढा. 1934 पर्यंत तिने 60 हजारांहून अधिक घरे बांधली. घरे लहान होती, पण प्रत्येकात स्वतंत्र शौचालय आणि पाण्याचा नळ होता, आणि वसाहतींत अंगणे, बालवाड्या, धुलाईघरे होती. आजही त्या शहरातले सुमारे निम्मे लोक नगरपालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. त्याच 1920 च्या दशकात मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) या सरकारी खात्याच्या 207 चाळी उभ्या राहिल्या: 160 चौरस फुटांची खोली आणि सामायिक शौचालय. दोन्हीकडे घरे सार्वजनिक पैशातूनच झाली. फरक असा की व्हिएन्नात घरे बांधणाऱ्यांना त्यांत राहणाऱ्यांकडे मते मागायला जावे लागत होते, तर मुंबईत वसाहतवादी सरकारच्या खात्यावर गिरणी कामगाराचा असा कोणताच धाक नव्हता. म्हणून चांगल्या शहराच्या चर्चेत स्थानिक लोकशाही मला पाणी आणि रस्त्यांइतकीच मूलभूत वाटते. पुणे आणि मुंबई या दोन्ही महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, आणि पुढचा साडेतीन वर्षांहून अधिक काळ दोन्ही शहरांचा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. एवढा काळ तुटलेल्या पदपथाची किंवा बंद पडलेल्या बसमार्गाची तक्रार घेऊन जावे असा निवडून आलेला नगरसेवक एकाही प्रभागात नव्हता.